आज टूना नाही

कच्चा मासा वाढणाऱ्या उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांची तपासणी करणे हा माझा व्यवसाय आहे. मालक स्वतःच मला बोलावतात आणि मी त्यांचे फ्रीज, नोंदवह्या, सुऱ्या, हात धुण्याची जागा आणि भाताची आम्लता तपासून लेखी अहवाल देते. या कामामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: शहराच्या मध्यभागातल्या नामांकित ठिकाणी न जाता, राहत्या वस्तीत चांगली सुशी आणि जपानी जेवण मिळू शकते का? विचारणाऱ्याने बहुधा मनाशी ‘नाही’ असे उत्तर धरलेलेच असते, कारण बंदर आणि मोठा मासळीबाजार जितका लांब तितका मासा शिळा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एका उपनगरातल्या छोट्या दुकानात तपासणीसाठी घालवलेल्या एका दिवशी या समजुतीचा पुरता निकाल लागला.

दुकान निवासी इमारतीच्या तळमजल्यावर होते. समोर बसून खाता येईल असा एक लाकडी काउंटर, भिंतीलगत मोजकी टेबले आणि मागे अरुंद, पण विलक्षण नीटनेटके स्वयंपाकघर. मुख्य शेफ पन्नाशीचे होते. टोकियोतल्या एका साध्या, वस्तीतल्या सुशीच्या दुकानात त्यांनी उमेदवारी केली होती. हाताखाली एक तरुण मदतनीस शिकत होती. मासा पोहोचण्याच्या आधी आपण तिथे असले पाहिजे असा माझा आग्रह असतो, कारण सुशीचे बरेचसे भवितव्य माशाची पेटी उघडण्याच्या क्षणी ठरते. त्या दिवशीही मी लवकर पोहोचले, तेव्हा भात नुकताच शिजून तयार झाला होता.

सुशीची चर्चा बहुतेक वेळा माशावरून सुरू होते. माझी तपासणी भातापासून सुरू होते. शेफनी गरम भात हांगिरी नावाच्या उथळ, रुंद लाकडी पात्रात पालथा केला, त्यावर व्हिनेगर, मीठ आणि साखर यांचे मिश्रण ओतले आणि लाकडी उलथन्याने तो आडव्या हाताने अलगद कापत गेले. भात ढवळला तर दाणे मोडून त्याचा चिखल होतो. कापत नेला तर प्रत्येक दाण्यावर मिश्रणाचा पातळ थर चढतो. लाकूड जादा ओलावा शोषून घेते. मदतनीस शेजारी उभी राहून पंख्याने वारा घालत होती, त्यामुळे वाफ पटकन निघून जाऊन दाण्यांना चकाकी येत होती. मी त्यातला चमचाभर भात घेतला, शुद्ध पाण्यात त्याचा लगदा केला आणि पी.एच. मीटरची कांडी त्यात बुडवली. पी.एच. म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. तो ४.१ वर स्थिरावला. अनेक देशांच्या नियमावल्यांत ४.६ ही वरची मर्यादा आहे आणि जागरूक स्वयंपाकघरे त्याहूनही बरीच खाली राहतात.

या आकड्याला इतके महत्त्व का, हे सांगायला हवे. भात शिजवल्यानंतरही बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू त्यात जिवंत राहू शकतात आणि कोमट भातात ते झपाट्याने वाढतात. फ्रीजमध्ये ठेवावा तर त्यातला स्टार्च कडक होतो आणि दाणा खडखडीत लागतो. चांगल्या सुशीचा भात तर अंगाच्या उष्णतेइतका कोमट असावा लागतो. या पेचातून वाट काढते ती आम्लता. चवीसाठी घातलेले व्हिनेगरच भाताला सुरक्षितही ठेवते, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने आवडते. सुशीचा उगमही या आम्लतेतच आहे. जपानच्या शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या काठी, फुनाझुशी आजही केली जाते: खारवलेला मासा भातात दाबून कित्येक महिने आंबवतात आणि त्या भाताच्या आंबण्यातून मासा टिकतो. व्हिनेगर हा त्या दीर्घ आंबवण्याला पुढे सापडलेला जवळचा रस्ता.

त्याच सकाळी, त्याच परिसरात, मी आणखी एक स्वयंपाकघर पाहून आले होते. तिथली खाद्यपत्रिका पानेच्या पाने भरलेली होती आणि आदल्या दिवशीचा थंड भात गरम करून वापरला जात होता. एवढी लांबलचक यादी आणि कच्च्या माशाची छोटी उलाढाल यांचे गणित जमत नाही. कुठला तरी मासा नको तितके दिवस पडून राहतोच. त्याबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दहाच्या सुमारास मासळीची गाडी आली. एका पेटीत गोठवलेला सॅमन आणि ताई, म्हणजे समुद्री ब्रीम. दुसरीत विमानाने आलेला, न गोठवलेला टूना. टूना देखणा होता. रंग गडद लाल, कापावर रेशमी झळाळी, वास जवळजवळ नाहीच. शेफनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि तापमापकाची सुई मांसाच्या मध्यभागी खुपसली. नऊ अंश सेल्सियस. मग त्यांनी पेटीच्या कोपऱ्यातले तापमान नोंदवणारे छोटे यंत्र काढून संगणकाला जोडले. पडद्यावरची रेषा आदल्या रात्रीच चार अंशांच्या वर गेली होती आणि पहाटभर वरच राहिली होती. बर्फाचे पाणी झाले होते आणि ते कुणी बदलले नव्हते.

गाडीबरोबर आलेला माणूस म्हणाला, “साहेब, तासाभराचाच प्रश्न आहे हो. मासा बघा ना, किती ताजा दिसतोय.”

शेफ शांतपणे म्हणाले, “दिसतोय, हे मान्य. पण हा मी घेणार नाही. पावतीवर तापमान लिहा आणि परत घेऊन जा.”

मदतनीस चांगलीच अस्वस्थ झाली. संध्याकाळची बरीच आरक्षणे टूनासाठीच होती. तिने विचारले, “सर, कच्चा नको, पण भाजून नाही का देता येणार? नाहीतर तेरियाकी करू.”

प्रश्न अगदी स्वाभाविक होता आणि त्याचे उत्तर खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. टूना आणि बांगड्याच्या कुळातल्या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पुरेसा थंड राहिला नाही की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन एकदा तयार झाले की शिजवून, भाजून, गोठवून किंवा व्हिनेगरमध्ये मुरवून ते जात नाही. त्याला खात्रीलायक वास नाही की रंग नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर चट्टे उठतात, छातीत धडधडते; पुष्कळदा त्याला माशाची अॅलर्जी समजले जाते आणि खरे कारण दडून राहते. शेफनी हे सगळे मदतनिसाला हातातले काम थांबवून समजावून सांगितले. तिच्या प्रश्नावर ते चिडले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटले. शिकणाऱ्याला असा प्रश्न विचारता येणे हीसुद्धा स्वयंपाकघराच्या सुरक्षिततेची एक बाजू आहे.

लाल रंगावर विश्वास ठेवू नये, याला आणखी एक कारण आहे. टूनाला कार्बन मोनॉक्साइड वायू दिला तर त्याचा रंग फार काळ टवटवीत लाल राहतो, आतून मासा उतरला असला तरीही. जपान आणि युरोपीय संघात या प्रक्रियेला मनाई आहे. अमेरिकेत ती चालते. उलट उणे साठ अंशांवर गोठवलेला टूना नीट वितळवला तर उत्तम असतो आणि जपानमध्येही समुद्रावरून येणारा कितीतरी टूना असाच येतो. म्हणूनच बंदर किती लांब आहे यापेक्षा थंडाव्याची साखळी कुठे तुटली हे विचारणे महत्त्वाचे, आणि ती साखळी शहराच्या मध्यभागीही तुटू शकते.

सॅमन आणि ताईची कागदपत्रे मी पाहिली. ती व्यवस्थित होती. कच्च्या खाण्याच्या माशात अॅनिसाकिस या परजीवी कृमीचा धोका असतो. तो मारण्यासाठी उणे वीस अंशांवर युरोपीय नियमांनुसार किमान २४ तास आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार सात दिवस मासा गोठवावा लागतो. व्हिनेगर किंवा सुशीबरोबर देतात त्या झणझणीत वसाबीने हा कृमी मरत नाही. साबा, म्हणजे जपानी बांगडा, व्हिनेगरमध्ये मुरवून देतात म्हणून तो निर्धोक झाला असे कित्येक आचारी मानतात. इथे मात्र तो मुरवण्याआधी गोठवल्याची तारीख वहीत होती.

पेटी परत गेल्यावर शेफनी दारातल्या पाटीवर खडूने लिहिले: आज टूना नाही. मग त्यांनी संध्याकाळचा बेत नव्याने आखला आणि तिथून पुढचे काही तास मला त्यांच्या शिक्षणाची खोली दिसली. ताईचे तुकडे त्यांनी मीठ लावून कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पट्ट्यांमध्ये गुंडाळून ठेवले. पट्टी माशातले पाणी ओढून घेते आणि आपली चव त्याला देते. अनागो, म्हणजे समुद्री वाम, मंद आचेवर सोया सॉस, साके आणि साखरेत शिजत ठेवली. साबा आधीच मुरलेला होता. हे सगळे एकोणिसाव्या शतकातल्या एदो शहराचे, म्हणजे आजच्या टोकियोचे, संस्कार आहेत. बर्फाची पेटी नव्हती तेव्हा तिथले कारागीर मासा खारवत, मुरवत, शिजवत किंवा सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत, आणि ती सुशी लोक रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर उभ्या उभ्या खात. ज्या खाण्याचा जन्मच टपरीवर झाला, त्याला वस्तीतल्या तळमजल्याचे वावडे असण्याचे कारण नाही.

मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले ते दाशीने. दाशी हा जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला पातळ अर्क. रात्रभर थंड पाण्यात भिजलेला कोंबू शेफनी अगदी सावकाश तापवला आणि भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरू लागताच, उकळी फुटायच्या आत, बाहेर काढला. उकळला तर अर्क बुळबुळीत आणि कडवट होतो. मग उकळी आणून, आच बंद करून कात्सुओबुशीचे, म्हणजे धुरावलेल्या सुक्या बोनिटो माशाचे, कागदासारखे पातळ पापुद्रे टाकले. ते तळाशी बसेपर्यंत थांबून अर्क कापडातून गाळला, पण कापड पिळले नाही. १९०८ साली टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या या चवीचे मूळ ग्लुटामेट असल्याचे शोधले आणि तिला उमामी हे नाव दिले. कात्सुओबुशीतले इनोसिनेट त्या चवीला कितीतरी पटीने वाढवते. मी वाटीभर कोरी दाशी प्यायले. तिच्यात मीठही नव्हते, तरीही ती भरलेली लागली. ज्या स्वयंपाकघरात दाशी रोज अशी निघते, तिथले मीसो सूप आणि चावानमुशीसारखी वाफवलेली अंड्याची वाटी नक्की मागवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी पाटी वाचून एक मोठे कुटुंब परत गेले. शेफनी दारापर्यंत जाऊन त्यांची क्षमा मागितली, कारणही सांगितले. बाकीचे थांबले. काउंटरवर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी आधी तामागो, म्हणजे थरांवर थर गुंडाळून केलेले गोडसर अंडे, मागवले आणि मग “तुम्ही ठरवाल ते द्या” म्हणाल्या. शेफ एकेक निगिरी, म्हणजे भाताच्या मुदीवर माशाचा तुकडा दाबून केलेली सुशी, बांधून थेट त्यांच्यापुढे ठेवत होते. बाईंनी ती बोटांनी उचलली, की भाताची मूद सुटत नव्हती, आणि तोंडात गेल्यावर लगेच दाणे मोकळे होत असावेत, कारण त्यांना चावायला फारसे लागत नव्हते. नोरीची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पातळ पापुद्र्याची, गुंडाळी हातात देताच खा, असे मदतनीस प्रत्येकाला सांगत होती. नोरी भातातला ओलावा काही मिनिटांतच शोषून नरम पडते. कुरकुरीत नोरीचा तो आवाज ऐकू आला की समजावे, गुंडाळी आपल्यासाठी आत्ता बांधली आहे.

माझ्या अहवालात मी एक त्रुटी नोंदवली: तापमापकाची अचूकता बर्फाच्या पाण्यात तपासल्याची नोंद वहीत नियमित नव्हती. शेफनी ती लगेच मान्य केली आणि माझ्यासमोरच ठेचलेल्या बर्फाचा पेला भरून सुई त्यात धरली. आकडा शून्यावर आला. पुरवठादाराला पाठवायच्या पत्रात आम्ही तीन गोष्टी मागितल्या: निघताना आणि पोहोचताना तापमानाची नोंद, पेटीत दुप्पट बर्फ, आणि रात्रीच्या मुक्कामी शीतगृहात ठेवल्याचा पुरावा. दुसऱ्या दिवशीच्या पेटीतल्या टूनाचे तापमान शेफनी मला फोनवर कळवले, एक अंश. तो आकडा मी अहवालाला जोडला आणि अहवाल पूर्ण केला.