चेशायर होमवाले चेशायर

नॉटिंगहॅमहून गाडी काढून मराठी मंडळींना इंग्लंड दाखवायचं, हा माझा धंदा. मागणी ठरलेली असते. शेक्सपिअरचं गाव, रॉबिन हूडचं जंगल, फार तर चॅट्सवर्थ, आणि संध्याकाळी लेस्टरला जाऊन पावभाजी. लिंकनशायरच्या सपाट शेतांकडे आपलं कुणी फिरकत नाही. त्यामुळे पुण्याच्या एका निवृत्त विंग कमांडरांचा मेसेज आला तेव्हा मी दोनदा वाचला: ‘लिंकन, वुडहॉल स्पा, ईस्ट कर्कबी. एका दिवसात. जेवणात वेळ घालवायचा नाही.’

बर्मिंगहॅमला लेकीकडे आले होते. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, हातात काठी, पण शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. हवाई दलात कॅनबेरा बॉम्बरवर नॅव्हिगेटर होते, १९६५च्या लढाईत रात्री सीमेपार जाऊन आलेले. सोबत काकू. गाडीत बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “यांना कुठेही न्या, वेळापत्रक आधी. आमच्या लग्नातसुद्धा भटजींना हेच वेळ सांगत होते.”

काकांना बघायचा होता एकच माणूस: लेनर्ड चेशायर, दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश बॉम्बर वैमानिक. नाव ऐकून मी दचकलोच. मी जोगेश्वरीत वाढलो. अंधेरीच्या महाकाली केव्हज रोडवर चेशायर होम आहे, अपंगांसाठीचं. त्या नावामागे कुणी दानशूर इंग्रज असेल एवढंच डोक्यात होतं. काकूंचंही तसंच. काकांची बदली मुंबईला होती तेव्हा त्या दिवाळीचा फराळ घेऊन तिथे जायच्या. “हे म्हणायचे तो फार मोठा बॉम्बर होता. मला वाटायचं, थट्टा करतायत.”

ए-४६ला लागेपर्यंत काकांचा वर्ग सुरू झाला होता. सुरुवात चेशायरपासून नव्हे, एका अहवालापासून. ऑगस्ट १९४१मध्ये बट नावाच्या एका अधिकाऱ्याने ब्रिटिश बॉम्बर विमानांनी रात्री काढलेले फोटो तपासले. ‘आम्ही लक्ष्यावर बॉम्ब टाकले’ असं परत येऊन सांगणाऱ्यांपैकी तीनात एकच विमान लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. “पाच मैल! म्हणजे शनिवारवाड्यावर टाकायचा आणि पडायचा हडपसरला. आणि त्यापायी माणसं मरतायत. चेशायर समजायचा तर हे आधी समजायला हवं. त्याची सगळी लढाई या पाच मैलांशी होती.”

लिंकनला कॅनविक हिलवर ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचं स्मारक आहे. गंजल्यासारख्या तांबूस पोलादाचा उंच सुळका आणि त्याच्याभोवती नावं कोरलेल्या पोलादी भिंती. सुळक्याची उंची त्या काळच्या लँकेस्टर बॉम्बर विमानाच्या पंखांच्या विस्ताराएवढी ठेवली आहे, ३१ मीटर. नावं जवळजवळ ५८ हजार, त्यांत जमिनीवर काम करताना गेलेलेही. बॉम्बर कमांडमधून उडालेल्या सुमारे सव्वा लाख जणांपैकी साडेपंचावन्न हजारांवर परतले नाहीत. काका भिंतीजवळ गेलेच नाहीत. समोर दिसणाऱ्या लिंकन कॅथीड्रलकडे काठी करून म्हणाले, “परत येताना ते दिसलं की घरी पोचलो, असं हे लोक मानायचे.”

आत स्वागताला एक वयस्कर इंग्रज बाई होत्या, स्वयंसेवक. काका हवाई दलातले आहेत कळल्यावर गप्पा रंगल्या. काकांनी चेशायरचं गुणगान चालू केलं. १९४०च्या नोव्हेंबरात कलोनवर त्याच्या विटली विमानाच्या पोटात गोळा फुटला, आतलीच फ्लेअर, म्हणजे उजेडाची नळकांडी, पेटली, एका बाजूचा पत्रा फाटून गेला, तरी त्याने विमान घरी आणलं. पुढे ७६ स्क्वाड्रनचा प्रमुख असताना हॅलिफॅक्स विमानं फार पडू लागली, तेव्हा वजन कमी करायला त्याने विमानाच्या पाठीवरचा मशिनगनचा घुमट काढून टाकायला लावला. जमिनीवरच्या मेकॅनिकांना तो नावानं हाक मारायचा.

बाई ऐकत होत्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “माझ्या मामाला एलएमएफ ठरवलं होतं. चेशायरच्या स्क्वाड्रनमध्ये नव्हता तो, दुसरीकडे होता. बऱ्याच मोहिमा करून आला होता. एका संध्याकाळी विमानात चढलाच नाही.”

एलएमएफ म्हणजे ‘लॅक ऑफ मॉरल फायबर’. नैतिक बळ नाही, असा शेरा. पहिल्या पाळीत तीस मोहिमा करायच्या, आणि मधेच ज्याचं मन मोडलं त्याच्या कागदावर हा शिक्का. घरात त्या मामाचा विषय कुणी काढायचं नाही, आईसुद्धा नाही, असं बाईंनी सांगितलं.

मला वाटलं, काका विषय बदलतील. त्यांनी बदलला नाही. “तुमच्या मामांच्या बाबतीत चेशायरही वेगळा वागला नसता,” ते म्हणाले. “अशा माणसांशी आपण निष्ठुर वागलो, हे त्यानं स्वतः पुढे कबूल केलंय. एक घाबरला की दुसऱ्याला लागण होते, म्हणून त्याच दिवशी तळावरून बाहेर.” बाईंनी मान हलवली. त्यांना हे माहीत होतं. कुणीतरी आपल्या तोंडानं म्हणावं एवढंच हवं होतं की काय, देव जाणे. त्या काकांना म्हणाल्या, आम्ही इथे आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवतो, तुम्हीही पाठवा. काका हसले. “मी तुमच्या लढाईतला नाही.”

तिथून वुडहॉल स्पा. गाव एवढंसं, चौकात ६१७ स्क्वाड्रनचं स्मारक: फुटलेल्या धरणाच्या आकाराची भिंत, मधे खिंडार. मे १९४३मध्ये याच स्क्वाड्रनने उसळत्या बॉम्बनी जर्मनीतली धरणं फोडली. एकोणीस विमानं गेली, आठ आली नाहीत. जगाला या स्क्वाड्रनची तेवढीच रात्र ठाऊक.

काकू त्या खिंडारासमोर थांबल्या. काकांना पुढे जायची घाई, पण काकू हलेनात. “धरण फुटणं काय असतं ते पुणेकराला विचारा,” त्या म्हणाल्या. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ, ट्रंकेतल्या लग्नाच्या साड्या काळ्या पडलेल्या, आणि पुढे कित्येक दिवस सगळ्या पेठेला एकच वास. “इथे खाली किती गेले?” मी सांगितलं: म्योने धरणाच्या पुरात तेराशेच्या वर. त्यात कितीतरी सोव्हिएत मुलुखातून वेठीला धरून आणलेल्या बायका होत्या, छावणीत कोंडलेल्या. काकू म्हणाल्या, “मग यावर फुलं कुणाची?” आणि चालू लागल्या.

“चेशायर त्यात नव्हता,” काका मागून म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले, असं मला वाटलं.

तो आला नोव्हेंबर १९४३मध्ये. आणि कसा आला, हे काकांच्या लेखी व्हिक्टोरिया क्रॉसपेक्षा, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकापेक्षा मोठं. २५व्या वर्षी ग्रुप कॅप्टन झाला होता, यॉर्कशायरमध्ये एका आख्ख्या तळाचा प्रमुख. टेबल, मोटार, सुरक्षित नोकरी. ६१७ मिळावं म्हणून त्याने एक हुद्दा खाली उतरून विंग कमांडर व्हायचं पत्करलं. “चाळीस वर्षं फौजेतली माणसं बघितली. प्रमोशनसाठी रडणारे खूप. डिमोशन मागून घेणारा एक दाखव.”

पेटवुड हॉटेल हा १९४४मध्ये ६१७च्या अधिकाऱ्यांचा मेस होता. लाकडी खांबांचं जुनं घर, मागे बाग, आत ‘स्क्वाड्रन बार’मध्ये भिंतीभर फोटो. जेवणात वेळ घालवायचा नव्हता, तरी चहा-स्कोनवर दीड तास गेला, आणि तो माझ्या आजवरच्या धंद्यातला सगळ्यात भारी दीड तास.

काकांनी साखरेच्या पुड्या मागवल्या. टेबलाची एक कड इंग्लंड, दुसरी फ्रान्स. ५ जून १९४४ची रात्र. खरं आरमार नॉर्मंडीकडे निघालेलं. जर्मन रडारला मात्र दुसरंच, न असलेलं आरमार दुसऱ्याच किनाऱ्याकडे जाताना दिसायला हवं होतं, आणि ते काम ६१७ला दिलेलं. एकही बॉम्ब नाही. विमानांनी रडारवर जहाजांसारख्या दिसणाऱ्या, चांदीच्या कागदासारख्या पट्ट्यांची पुडकी ठरलेल्या सेकंदाला बाहेर टाकायची आणि लांबट चौकोनात घिरट्या घालायच्या. दर फेरीला चौकोन किनाऱ्याकडे जरासा सरकवायचा, जहाजांच्या चालीनं. काका एक पुडी पुढे सरकवायचे, चमच्यानं वळसा घालायचे, परत मागे, परत पुढे, पण अर्धा इंचच जास्त. “वळण दोन-चार सेकंद चुकलं की रडारवर जहाजं उड्या मारताना दिसणार. तासन्‌तास. एक तुकडी दमली की दुसरीनं हवेतच जागा घ्यायची, मधे फट पडता कामा नये. हे नॅव्हिगेटरांचं काम, बाळा. यावर सिनेमा कोण काढणार?”

मी विचारलं, चेशायर काय करत होता? “पुढच्या विमानात बसला होता. त्या रात्री त्याला करण्यासारखं काही नव्हतं, तरी बसला.”

बाकीचं काकांनी भराभर सांगितलं, कारण कर्कबीला पाचच्या आत पोचायचं होतं. पाच मैलांवर चेशायरनं काढलेला तोडगा असा: सगळ्यांनी उंचावरून चाचपडण्यापेक्षा एकानं पार खाली जाऊन लक्ष्यावर रंगीत आगीची खूण ठेवायची, बाकीच्यांनी वरून त्या खुणेवर टाकायचं. खाली जाणारा एक म्हणजे तो स्वतः. फेब्रुवारी १९४४मध्ये फ्रान्समधल्या लिमोजला विमानांची इंजिनं बनवणारा कारखाना होता, रात्रपाळीला फ्रेंच बायका. चेशायरनं लँकेस्टरसारखं धूड छपराला टेकेल इतकं खाली आणून कारखान्यावरून तीनदा नेलं, बायका पळून जाव्यात म्हणून. मग खूण टाकली. कारखाना गेला. पुढे हलकी मॉस्किटो विमानं मिळाली. एप्रिलमध्ये म्युनिकवर त्यानं सर्चलाइट आणि तोफांच्या माऱ्यात सूर मारून खूण ठेवली आणि नंतर बारा मिनिटं मार खात बाहेर पडला. जूनमध्ये मस्टँग हे अमेरिकन लढाऊ विमान आलं. ते त्यानं पहिल्यांदा उडवलं तेच मोहिमेवर. सराव नाही, काही नाही. “हा शुद्ध आगाऊपणा,” काकांचा शेरा. “माझ्या स्क्वाड्रनमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला जमिनीवर बसवलं असतं.”

शंभर मोहिमा झाल्यावर जुलैमध्ये वरिष्ठांनीच त्याला थांबवलं. सप्टेंबर १९४४मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही कुठल्या एका पराक्रमासाठी नव्हे, चार वर्षांच्या एकूण कामासाठी.

काकूंनी इतक्या वेळात स्कोन संपवला होता. “आणि हा माणूस होम कधी काढायला लागला?”

हे मला नंतर वाचून पुरं कळलं, पण त्या दिवशी काकांनी दोन वाक्यांत आटोपलं. ९ ऑगस्ट १९४५ला तो ब्रिटनचा निरीक्षक म्हणून नागासाकीच्या मोहिमेवर होता. त्याचं विमान वाट चुकलेलं, स्फोट लांबून दिसला. पुढच्या वर्षी नोकरी सोडली. १९४८मध्ये हवाई दलातलाच एक जुना माणूस कर्करोगानं मरायला टेकलेला, त्याला ठेवून घ्यायला कुणी नव्हतं, तर यानं आपल्या घरी आणून स्वतः त्याची सेवा केली. तिथून होम्स सुरू झाली. परदेशातलं पहिलं आपल्या अंधेरीचं. १९५९च्या एप्रिलमध्ये स्यू रायडरशी लग्न केलं तेही मुंबईत.

“मुंबईत?” काकू एकदम सरसावून बसल्या. “इतकी वर्षं मला हे सांगितलं नाहीत!” काकांनी बिल मागवलं.

ईस्ट कर्कबीच्या जुन्या धावपट्टीवर एक लँकेस्टर अजून चालतं, उडत नाही, जमिनीवर फिरतं. पँटन नावाच्या दोघा शेतकरी भावांनी ते घेऊन जपलं, कारण त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर मार्च १९४४मध्ये न्यूरेंबर्गवर गेला तो परत आला नाही. त्या दिवशी विमान हँगरमध्येच उभं होतं. आत शिरून पुढे जायचं तर पंखांचा मोठा आडवा कणा ओलांडावा लागतो, कमरेएवढा. काकांचे गुडघे ते करणार नव्हते. मी आत जाऊन मोबाइलवर दाखवलं: पायलटच्या मागे आडवं टेबल, वर दिवा, आणि पडदा. नॅव्हिगेटरनं रात्रभर पडद्याआड, बाहेर काय जळतंय ते न बघता, आकडेमोड करायची. खाली उडी टाकायची वेळ आली तर बाहेर पडायला नाकाजवळची अरुंद झडप. हॅलिफॅक्सपेक्षा लँकेस्टरमधून जिवंत सुटलेले कमी, ते काही अंशी यामुळेच.

काका बाहेर काठीवर रेलून फोनकडे बघत होते. “आमच्या कॅनबेरात पायलटला इजेक्शन सीट होती,” ते म्हणाले. “मी नाकात. मला नव्हती.”

काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. “पासष्टला? मी सासूबाईंजवळ बसून रेडिओ ऐकायचे तेव्हा?”

“दार होतं,” काका म्हणाले. “पॅराशूट होतं.”

“अहो, दार!” काकू म्हणाल्या आणि गाडीकडे निघाल्या. परतीच्या वाटेवर न्यूअर्कपर्यंत त्या काकांशी बोलल्या नाहीत, माझ्याशी मात्र बोलत होत्या, अंधेरीच्या होममधल्या एका मुलीबद्दल, जी पायाच्या बोटांत सुई धरून भरतकाम करायची.

लिंकनशायरची ही सफर मी आता पत्रकावर टाकली आहे. मागणी फारशी नाही. गेल्या महिन्यात एक जोडपं आलं, पेटवुडच्या बागेत पुष्कळ फोटो काढले आणि कर्कबी गाळून पावभाजी खायला लेस्टरला चला म्हणाले.