पहिला मुक्कामी ट्रेक आणि त्याची तयारी

डोंगरावर रात्र काढायची माझी ही पहिलीच वेळ, आणि ग्रुपमधल्या जुन्या ट्रेकर मित्राने निघायच्या कितीतरी आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली, की चालायची तयारी सगळेच करतात, तू थांबायची तयारी कर. एका दिवसाच्या ट्रेकला कितीही दमलो तरी संध्याकाळी खाली येतो. मुक्कामाला घामाने भिजलेलं अंग घेऊन वरच थांबायचं असतं, आणि १००० मीटर उंची वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे पायथ्याला २२ असेल तर २००० मीटर चढून गेल्यावर ९ च्या आसपास, तेही दिवसा. रात्र आणि वारा वेगळाच.

म्हणून कपड्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. कॉटन बाद, कारण ते भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढत राहतं. चालायला सिंथेटिक टी-शर्ट, आणि झोपायचे कपडे, मोजे, कानटोपी हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, वाटेत काहीही झालं तरी हात लावायचा नाही. वर पोचल्या पोचल्या, अंग अजून गरम असतानाच, मी ते कपडे बदलले आणि खरं सांगते, पूर्ण ट्रेकमधला सगळ्यात भारी क्षण तोच होता!

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट म्हणजे जिथपर्यंत आरामात झोप लागते, आणि लिमिट म्हणजे त्याहून खालचं, जिथे जेमतेम निभावतं. नवख्या माणसाने कम्फर्टचाच धरावा. आणि मॅट हवीच, कारण अंगाखाली बॅग दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि जमीन थेट पाठीतून थंडी भरते. जाड बॅग आणि खाली काहीच नाही यापेक्षा मध्यम बॅग आणि चांगली मॅट कधीही बरी असं माझं मत आहे.

सॅकचं वजन आपल्या वजनाच्या साधारण एक पंचमांशाच्या आत ठेवायचं, जड सामान मधोमध पाठीला चिकटून, आणि आधी कमरेचा बेल्ट हाडावर आवळायचा मग खांद्याचे पट्टे, म्हणजे भार खांद्यावर न येता कमरेवर येतो. अशी भरलेली सॅक घेऊन मी आधीचे काही आठवडे जिने चढले, आणि मुद्दाम उतरले सुद्धा, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावायचं काम करतात आणि दुसऱ्या दिवशी तेच ठणकतात. दुसऱ्या दिवशीच तर पूर्ण उतार असतो!

पायाची नखं कापून घेतली, आणि टाचेला जरा चुरचुरलं की लगेच थांबून टेप, फोड यायची वाट बघायची नाही.

वेळेचा हिशोब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेल्या नियमाने केला, ५ किलोमीटरला एक तास आणि वर ६०० मीटर चढाईला अजून एक तास. आमचे १० किलोमीटर आणि ९०० मीटर चढ, म्हणजे साडेतीन तास, पण यात विश्रांती धरलेली नसते आणि पाठीवर ओझं, शिवाय मी नवीन, म्हणून आम्ही साडेपाच धरले. उजेड असताना तंबू लागला पाहिजे एवढाच हट्ट होता आणि तो लागला.

हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतःची, जास्तीचे सेल थंडीत उतरतात म्हणून रात्री ते स्लीपिंग बॅगमध्ये जवळ घेऊन झोपले. शिट्टी गळ्यात. अडचणीत सापडलो तर मदतीसाठी मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून पुन्हा, समोरून मिनिटाला तीन आल्या म्हणजे कोणीतरी ऐकलंय.

आणि घरी एक कागद लिहून ठेवला होता, कुठल्या वाटेने जाणार, मुक्काम कुठे, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कोणाला कळवायचं. उतरताना रेंज आल्या आल्या आधी घरी फोन केला, बूट नंतर काढले.