हजाराच्या आत : वाईनच्या वहीतलं दुसरं वर्ष

गेल्या वर्षीच्या नोंदी वाचलेल्यांना नियम पाठ असतील, नव्यांसाठी पुन्हा एकदा. बाटली 750 मिलीची, छापील किंमत हजाराच्या आत. मर्यादा ओलांडली तर वहीत लाल पेन. महिन्याला जास्तीत जास्त तीन बाटल्या. चव घ्यायला चौघं : मी, नवरा, वहिनी आणि खालच्या मजल्यावरचे काका. काकांनी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय आणि आपण दारूला शिवत नाही असं सगळ्या सोसायटीला सांगितलंय, त्यामुळे ते येतात ते कायम "जरा पेपर वाचायला".

वर्षभरात एकतीस बाटल्या झाल्या. त्यांतल्या पुन्हा आणाव्यात अशा नऊ. पहिल्या वर्षी मी लेबलांच्या मागे लागले होते : कुठली कंपनी, कुठलं द्राक्ष, कुठलं पदक. यंदा गाडी भलत्याच फाट्यावर वळली, ती जूनमधल्या एका बाटलीमुळे.

जून

स्टेशनाजवळचं दुकान. आपल्याकडे 'वाईन शॉप' अशी पाटी असते आणि आत वाईन सोडून सगळं असतं, हे काही नवीन नाही. इथे वाईनला सगळ्यात वरचा कप्पा होता, ट्यूबलाइटला चिकटून, समोर पश्चिमेची काच. पोऱ्या स्टुलावर चढला, फडक्याने धूळ झटकली आणि बाटली हातात दिली. बाटली कोमट होती. तेव्हाच परत द्यायला हवी होती.

नाशिकची शेनिन ब्लाँ (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन), मी आधी तीनदा प्यायलेली, आवडती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक तिची नव्हती. उघडली तर वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. सफरचंद कापल्यावर अर्ध्या तासाने तपकिरी पडतं ना, तसा. चव सपाट, शेवटाला कडवट. वहिनी म्हणाली, "तुम्ही मागच्या वेळी कौतुक केलं होतं ते हिचंच का हो?" उरलेली बाटली चिकनच्या रश्श्यात गेली, तिथेही तिने फार काही केलं नाही.

ऑगस्ट

बाटली दुकानातल्या कप्प्यावरच बिघडली, हा संशय पक्का करायचा होता. पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा नाशिकला गेलो. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा ही वाईनरीवाली मंडळी जवळजवळ आहेत, एका दिवसात दोन ठिकाणं आरामात होतात. नवऱ्याने गाडी चालवली आणि दिवसभर लिंबू सोडा प्यायला, त्याबद्दल त्याचं नाव इथे आदराने नोंदवते. वाईनरीच्या काउंटरवरून तीच शेनिन घेतली, त्याच हंगामाची. येताना थर्मोकोलच्या खोक्यात, ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून. मग स्टेशनाजवळच्या त्याच कप्प्यावरून आणखी एक.

रविवारी संध्याकाळी दोन्ही बाटल्या चार तास फ्रीजमध्ये, मग लेबलं दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर नवऱ्याचे पायमोजे (धुतलेले). वाईनचे ग्लास आमच्याकडे दोनच आहेत, म्हणून कटिंग चहाचे ग्लास. चव घेण्यापुरतं ते माप फार सोयीचं पडतं, आणि काचेतून रंगही दिसतो. काकांनी पांढरा कागद मागे धरला. एका ग्लासात लिंबाच्या रसावर दिसते तशी हिरवट झाक, दुसऱ्यात पिवळा रंग गडद, पेंढ्याकडे झुकणारा. पहिलीला पेरूचा, थोडा अननसाचा वास, जिभेच्या कडांना पाणी सुटेल असा आंबटपणा आणि त्यावर पुसटशी गोडी. दुसरीत गोडी होती, आंबटपणा कुठेतरी हरवला होता. काकांनी निकाल दिला : "या दोन वेगळ्या कंपन्या आहेत." पायमोजे काढल्यावर त्यांनी दोन्ही लेबलं चष्मा लावून वाचली, मागची बॅचसुद्धा. मग वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "उष्णता व प्रकाश. ऑक्सिडीकरण." खाली सही.

दुसरी बाटली काउंटरपेक्षा एका पैशानेही स्वस्त नव्हती, छापील किंमत दोन्हींवर एकच. म्हणजे स्वस्त आणि चांगली वाईन शोधणं हे मला वाटत होतं तसं फक्त लेबलांचं काम नाही. निम्मं काम दुकान शोधण्याचं आहे.

त्या दिवसापासून दुकानांची वेगळी पानं केली. आमच्या पट्ट्यात अकरा दुकानं पाहिली. वाईन फ्रीजमध्ये किंवा निदान एसीत ठेवणारी तीन. त्यांतल्या एकाच मालकाला बाटल्यांवरच्या तारखा माहीत होत्या. आता पांढरी आणि रोझे (म्हणजे गुलाबी) मी फक्त त्याच्याकडून घेते. "ताई, ही नका घेऊ, मागच्या दिवाळीपासून पडून आहे," असं तो एकदा आपणहून म्हणाला. असा माणूस सापडला की पदकंबिदकं विसरा.

ऑक्टोबर

तारखेचं थोडं सविस्तर, कारण यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न आले. आपल्याकडच्या बागेचं वर्ष युरोपसारखं नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळाभर नुसती काडी आणि पाला, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी. फळ हिवाळ्यात भरतं आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. पावसात घड धरला तर करपा आणि कुजीने हाती काही लागायचं नाही, म्हणून हा सगळा उलटा खेळ. आपल्या कामाचा भाग एवढाच की लेबलावर यंदाचं साल असेल तर ती द्राक्षं याच वर्षीच्या सुरुवातीला तोडलेली. स्वस्त पांढऱ्या वाईनला म्हातारपण मानवत नाही. या दिवसांत दुकानात दोन सालांच्या बाटल्या शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा डोळे झाकून नवी घ्या. पुढे साल छापलेलं नसेल तर मागचा बॅचचा महिना बघा. दोन वर्षांपूर्वीची पांढरी कुणी 'जुनी आहे, मुरलेली आहे' म्हणून देत असेल तर त्याला लोणच्याच्या दुकानात पाठवा.

द्राक्षांत माझा कौल शेनिनलाच. उष्ण हवेतही ती आंबटपणा धरून ठेवते आणि वेलाला माल भरपूर लागतो, म्हणून कमी किमतीत बरी वाईन देणं तिला परवडतं. सोव्हिन्यों ब्लाँ दुसरी. ती चांगली असली की ताज्या गवताचा आणि ढोबळ्या मिरचीचा वास मारते, जमली नाही तर नुसतं लिंबूपाणी.

लालमध्ये मात्र हजाराच्या आत वर्षभर मार खाल्ला. नऊ लाल बाटल्यांतल्या दोन टिकल्या, दोन्ही शिराझ द्राक्षाच्या. स्वस्त कॅबरनेत (हेही लाल वाईनचं द्राक्ष) कच्चा तुरटपणा आणि वर लाकडाचा वास फासलेला, जणू नव्या कपाटात तोंड घातलंय. ग्रोव्हर कंपनीची ला रिझर्व्ह (कॅबरने आणि शिराझचं मिश्रण) आणि अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेसे आवडल्या, पण दोन्ही लाल पेनाच्या. फ्रातेल्लीची गोष्ट काकांना फार आवडते : सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात इटलीतल्या तोस्कानाचं द्राक्ष, आणि नावाचा अर्थ 'भाऊ'. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून काढलेली कंपनी आहे ती. काका म्हणतात, आमच्याकडे दोन भावांत एक विहीर चालत नाही.

लालबद्दल एक गोष्ट उशिरा कळली. 'रूम टेंपरेचर' म्हणतात ती रूम आपली नव्हे. डोंबिवलीच्या मे महिन्यात माझ्या कपाटातला थर्मामीटर 32 दाखवत होता. तेवढ्या तापमानाला शिराझमधला अल्कोहोल नाकात चढतो आणि बाकी काही कळत नाही. आता लाल बाटली आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते. टिकलेल्या दोनपैकी एक तर याआधी नापास केली होती. वहीत खाडाखोड करून तिला पास केलं.

डिसेंबर

भाच्याने हौसेने एक परदेशी लाल आणली, बाराशेची. "मावशी, इंपोर्टेड आहे." चव बरी, अगदीच बरी. मग मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला आणि त्याचा मूड घालवला. आयात वाईनवर बरीच वर्षं 150 टक्के शुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला, तेव्हा तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांचं ते कमी झालं. त्यावर राज्याचा कर, आयातदार, दुकानदार. हे सगळं वजा केल्यावर बाराशेच्या बाटलीतल्या वाईनला स्वतःच्या देशात काय भाव मिळाला असेल, ते बघा. उलट राज्यात पिकलेल्या द्राक्षांपासून केलेल्या वाईनला 2001 च्या धोरणापासून उत्पादन शुल्कात सवलत मिळत आली. म्हणून आपल्या बजेटात नाशिकची बाटली जास्त पैसे द्राक्षावर खर्च करून आलेली असते. देशप्रेमाचा इथे काही संबंध नाही, हा नुसता वाण्याचा हिशेब. परदेशी प्यायचीच तर मी दोन महिन्यांचे पैसे साठवून एक नीट बाटली घेईन.

जेवणाबरोबरच्या नोंदी याच महिन्यात वाढल्या, पाहुणे होते म्हणून. थोडक्यात : तव्यावरची सुरमई आणि शेनिन, दहापैकी नऊ. कोथिंबीर वडी आणि सोव्हिन्यों, अनपेक्षित छान. पावभाजी आणि थंडगार रोझे चालते. तिखट मटण आणि तुरट लाल नको, तिखट दुप्पट होतं आणि घसा जळतो. थोडी गोडी असलेली वाईन तिथे तग धरते. मिसळीसमोर काहीच टिकत नाही, मिसळीबरोबर ताक प्या.

फेब्रुवारी

सध्या दोन प्रयोग चालू आहेत. पहिला अर्ध्या बाटल्यांचा. 375 मिली हिशेबाने महाग पडते, पण अनोळखी वाईनवर आठशे-नऊशे घालवण्यापेक्षा आधी छोटी घेऊन पाहणं वर्षाअखेरीस स्वस्त पडेल असा अंदाज आहे. आतापर्यंत पाच छोट्या, त्यांतल्या तीन नापास, म्हणजे तीन मोठ्या बाटल्यांचे पैसे वाचले. अडचण एकच, छोट्यांत निवड फार कमी मिळते.

दुसरा प्रयोग उघडलेल्या बाटलीचा. फिरकीच्या झाकणाची शेनिन, फ्रीजमध्ये, रोज रात्री एक कटिंग. पहिले तीन दिवस फरक कळला नाही, चौथ्या दिवशी वास ओसरला, सहाव्या दिवशी जूनमधलं सफरचंद परत भेटलं. पुढच्या खेपेला उघडल्याबरोबर निम्मी वाईन छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवणार आहे, म्हणजे आत हवाच उरणार नाही. कल्पना काकांची. त्यासाठी त्यांनी घरून फिरकीच्या झाकणाची रिकामी काचेची बाटली आणून दिली, उकळत्या पाण्याने धुतलेली. तिच्यावर अजून 'गुलाबपाणी' असं लेबल आहे. काकूंना विचारून आणली का, हे मी विचारलं नाही.