सॅलरी स्लिपवरची एक ओळ

आमच्या बिल्डिंगमध्ये आठ बिऱ्हाडं आणि लाकडाची एक छोटी पाटी आहे. पाटी ज्याच्या दाराला लटकते, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, बाहेरचा फूटपाथ साफ करायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. ह्या पाळीला इथं स्टुटगार्टमध्ये 'केअरवोखे' म्हणतात, म्हणजे झाडण्याचा आठवडा. नवीन आले तेव्हा मला ती कटकट वाटायची. आता वाटत नाही, कारण ह्या बिल्डिंगमधल्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी मला जिन्यात कळल्या आहेत.

मार्च २०२५ मधला शनिवार. पाटी माझ्या दाराला होती. गुरुवारीच मला कंपनीनं पत्र दिलं होतं: ३१ मे हा शेवटचा दिवस. साडेसात वर्षं मी तिथे डिझेल इंजिनांचं कॅलिब्रेशन करत होते, म्हणजे धुरातून काय किती बाहेर पडतं ते मोजायचं आणि कमी होईपर्यंत इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधले आकडे बदलत राहायचं. फडकं पिळताना डोक्यात तेच चालू होतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत का? पाचशे अब्ज!"

आजी एक्क्याऐंशीच्या आहेत, शाळेत गणित शिकवायच्या. समोर मी त्यांना आडनावानं हाक मारते, त्या मला अहो-जाहो करतात. आजी हे नाव फक्त माझ्या मनातलं.

पाचशे अब्ज म्हणजे काय ते सांगते, कारण त्या आठवड्यात जर्मनीत ट्राममध्ये, बेकरीच्या रांगेत, दवाखान्यात, जिथे जाल तिथे हाच विषय होता. जर्मनीनं २००९ साली राज्यघटनेतच लिहून ठेवलं की केंद्र सरकारनं कर्ज काढायचं ते एका मर्यादेत, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ०.३५ टक्के. ह्याला 'कर्जाचा ब्रेक' म्हणतात. त्याच्या आदल्याच डिसेंबरात तेव्हाच्या चान्सलर अँगेला मेर्केल ह्याच स्टुटगार्टात पक्षाच्या अधिवेशनात बोलल्या होत्या, की जगाच्या आर्थिक संकटाचं कारण एखाद्या श्वाबियन गृहिणीला विचारा, ती सांगेल की अंथरूण पाहून पाय पसरावेत. श्वाबियन म्हणजे आमच्या ह्या भागातले लोक, काटकसरीसाठी देशभर प्रसिद्ध. मार्च २०२५ मध्ये संसदेनं तो ब्रेक सैल केला. पूल, रेल्वे, शाळा, दवाखाने ह्यांच्यासाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी, १२ वर्षांत खर्च करायचा. शिवाय संरक्षणावरचा खर्च एका टक्क्याच्या वर गेला तर त्याला ब्रेक लागू नाही. शुक्रवारी वरच्या सभागृहानंही मंजुरी दिली आणि शनिवारी आजी जिन्यात उभ्या होत्या.

मला वाटलं होतं त्या कर्जाच्या विरोधात बोलणार. त्या म्हणाल्या, "हे दहा वर्षांपूर्वी, व्याज शून्यावर होतं तेव्हा घ्यायला हवं होतं. तेव्हा घेतलं नाही, म्हणून ड्रेस्डेनचा पूल पडला." सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग रात्री एल्बे नदीत कोसळला, त्याच्या काही मिनिटं आधीच त्यावरून ट्राम गेली होती. "छप्पर गळत असताना बँकेत पैसे साठवणारी गृहिणी शहाणी नसते," असं आजींचं म्हणणं. मी काहीच बोलले नाही. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, काय झालं.

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगितलं, रडलेही. आजींनी पाठीवरून हात फिरवला नाही, इथे तसं पटकन कोणी करत नाही. त्यांनी कॉफी ठेवली आणि विचारलं, "किती वर्षं भरलेत?" मला कळेना काय भरलं. त्या म्हणाल्या, सॅलरी स्लिप घेऊन या.

मी वर जाऊन फेब्रुवारीची स्लिप आणली. साडेसात वर्षं दर महिन्याला मिळणारा कागद, ज्याचा मी फक्त शेवटचा आकडा पाहत आले. आजींनी पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारली. बेकारी विमा. पगाराच्या २.६ टक्के, त्यातले निम्मे माझे, निम्मे मालकाचे. शेवटच्या ३० महिन्यांत निदान १२ महिने भरले असतील तर हक्क लागतो. दोन वर्षं भरले असतील आणि वय पन्नासच्या आत असेल तर वर्षभर भत्ता, हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के. मूल असेल तर ६७. मला मुलगी आहे. आरोग्य विम्याचे पैसेही त्या काळात तिकडूनच भरले जातात. मात्र पत्र मिळाल्यापासून तीन दिवसांत रोजगार एजन्सीकडे 'काम शोधते आहे' अशी नोंद करायची, उशीर झाला तर एक आठवड्याचा भत्ता जातो. ती नोंद मी आजींच्याच टेबलावर, फोनवरून ऑनलाइन केली.

"सरकारकडून पैसे घेणं मला बरं वाटत नाही," असं मी त्या दिवशी म्हणाले. आजींचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "सरकारकडून? ही ओळ कोणाची आहे?" आणि पेन्सिलीचं टोक परत तिथेच.

रात्री झोप लागली नाही. सारखे बाबा आठवत होते.

१९९८ साली बाबांचं भोसरी एमआयडीसीतलं वर्कशॉप बंद पडलं. मी चौदा वर्षांची होते. ते टर्नर होते, हात असा की मायक्रोमीटरशिवाय माप सांगायचे. वर्कशॉप बंद झाल्यावर ते महिनाभर रोज सकाळी त्याच वेळी डबा घेऊन निघायचे, चाळीत कळू नये म्हणून. आईनं पोळ्यांची कामं धरली. ओळखीच्या ओळखीनं कुठेतरी लागतील, ह्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. वर्षभरानं लागलेही, कमी पगारावर. तो वर्षभराचा काळ आमच्या घरात कोणी कधी बोलून दाखवत नाही.

पण बाबांच्या स्लिपवरही एक ओळ होती आणि तिची गोष्ट मला मोठेपणी कळली. 'पी. टी.', व्यवसाय कर. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांनी ती पाहिली असेल: आता महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली होती. वि. स. पागे यांनी त्याआधीच, १९६५ मध्ये, सांगलीकडच्या विसापूरला गावातल्या गावात काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. त्यातून १९७७ चा कायदा झाला: गावात जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे. त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून कर आणि सरकारकडून तेवढीच भर. देशभराचा कायदा यायला २००५ उजाडलं. म्हणजे भोसरीतला टर्नर दर महिन्याला सांगलीतल्या, बीडमधल्या शेतमजुराच्या कामासाठी चार पैसे देत होता. किती मोठी गोष्ट आहे ही! आणि ती आमच्या घरात कोणाला माहीत नव्हती. त्याची स्वतःची नोकरी गेली तेव्हा त्याच्यासाठी मात्र कोणतीच ओळ नव्हती. आज ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विम्यात, असलेल्या कामगारासाठी २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम मिळते. तुमच्या ओळखीत कोणाची नोकरी गेली असेल आणि ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर कृपा करून त्याला हे सांगा. माझ्या दोन मावसभावांना माहीत नव्हतं.

असो. नोकरी शोधण्याकडे येते.

इथे कंपनी सोडताना प्रशस्तिपत्र मागण्याचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे. मालकानं ते कटू भाषेत लिहायचं नाही आणि खोटंही लिहायचं नाही. त्यामुळे गेल्या कित्येक दशकांत एक सांकेतिक भाषाच तयार झाली आहे. माझ्या पत्रात लिहिलं होतं की मी दिलेली कामं 'पूर्ण समाधान होईल अशी' केली. मला ते छानच वाटलं. आजींनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे तर तीन नंबरचं आहे." जर्मन शाळेत एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे नापास. 'पूर्ण समाधान' म्हणजे तीन. त्याच्या आधी 'श्टेट्स', म्हणजे 'सदैव', हा शब्द असेल तर दोन. आणि 'फोलस्टन', म्हणजे पूर्णहून पूर्ण, असं लिहिलं असेल तरच एक. गणिताच्या बाई असल्यामुळे त्यांना ते फोलस्टन अजिबात पटत नाही, भरलेल्या भांड्यात आणखी काय भरणार. पण नोकरी देणारा तोच शब्द शोधतो. मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, गेल्या चार वर्षांची लेखी मूल्यमापनं जोडली. तीन आठवड्यांनी दुरुस्त पत्र आलं. 'श्टेट्स' आला होता. एका शब्दासाठी इतकं झगडायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

अर्ज एकूण ६४ केले. जून ते नोव्हेंबर.

ह्या काळात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत रंगलेला वाद सांगायला हवा. २०३५ पासून नव्या गाड्यांतून धूर निघता कामा नये, असं युरोपीय संघानं २०२३ मध्ये ठरवलं. आमच्यातले निम्मे जण गाड्यांच्या व्यवसायात, त्यामुळे महाप्रसादाच्या पंक्तीतही हाच विषय. एक काका, वीस वर्षं इंजिनातच, तावातावानं सांगत होते की ह्या नियमानं शहर बुडणार. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेला, बॅटरीवर काम करणारा मुलगा म्हणाला, काका, नियम नसता तरी चीनच्या गाड्या आल्याच असत्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जिची नोकरी गेली तिच्याकडे. मी खरं तेच बोलले. इथल्या नेकारटोर चौकातली हवा एके काळी देशातल्या सर्वांत वाईट हवेत मोजली जायची. १ जानेवारी २०१९ पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी आली. माझ्या मुलीची बालवाडी त्या रस्त्यापासून दोन स्टॉपवर होती. मी धूर मोजणारी बाई आहे, धुरात काय असतं ते मला माहीत आहे. माझी नोकरी राहावी म्हणून तो राहावा, असं मी म्हणू शकत नाही. तंत्रज्ञान बदलणार असेल तर बदलू दे, पण बदलणाऱ्या माणसाला वर्षभराचा श्वास मिळाला पाहिजे. भोसरीत तो मिळाला नाही, इथे मिळाला. दोन्हीकडे माणसं तितकीच मेहनती होती.

त्याच पंक्तीतला एक मुलगा ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांना मिळणाऱ्या परवान्यावर होता, येऊन दीडच वर्ष झालेलं. नोकरी गेली तर त्याला नवी शोधायला तीनच महिने. भत्त्याची ओळ त्याच्याही स्लिपवर आहे, पण व्हिसाचं घड्याळ वेगळं चालतं. बी१, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन असेल तर ब्लू कार्डावर २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. इकडे येऊ घातलेल्यांना मी एकच सांगते: भाषा पहिल्या दिवसापासून शिका, ऑफिसात इंग्रजी चालतं म्हणून थांबू नका. आपल्या राज्याचा आणि इथल्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याचा २०२४ मध्ये कुशल कामगार पाठवण्याचा करार झाला आहे, कितीतरी मुलं तयारीत आहेत. त्यांना हे तीन महिने कोणीतरी आधी सांगायला हवेत.

एजन्सीच्या बाईंनी मला प्रशिक्षणाचं व्हाउचर दिलं. चार महिने मी रेल्वेच्या डिजिटल सिग्नल यंत्रणेची चाचणी शिकले. डिसेंबरात त्याच क्षेत्रात नोकरी लागली, स्टुटगार्टच्या नव्या स्टेशनाशी जोडलेल्या कामावर.

आणि इथे मला आजींची भीती वाटली.

स्टुटगार्टचं जुनं स्टेशन आपल्या सीएसएमटीसारखं, गाडी आत आली की तिथेच संपते. ते जमिनीखाली नेऊन आरपार करायचं, ह्या प्रकल्पाचं नाव स्टुटगार्ट २१. करार झाला तेव्हा खर्च सुमारे साडेचार अब्ज युरो धरला होता, आता आकडा ११ अब्जांच्या वर गेला आहे. काम २०१० मध्ये सुरू झालं, गाड्या २०१९ ला धावणार होत्या, अजून धावलेल्या नाहीत. ३० सप्टेंबर २०१० ला बागेतली जुनी झाडं वाचवायला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले. आजी त्या गर्दीत होत्या, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. पुढच्या वर्षी राज्यात सार्वमत झालं, ५८.९ टक्के लोकांनी राज्यानं प्रकल्पातून बाहेर पडू नये असा कौल दिला. आजी हरल्या. त्यांच्या पाकीटात अजून त्या आंदोलनाचं हिरवं स्टिकर आहे.

मी सांगितलं तेव्हा त्या जिन्यात होत्या, पाटी त्यांच्या दाराला. थोडा वेळ त्या कठडाच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "सार्वमत झालं त्या दिवशी मी ठरवलं, आता ते निदान नीट बांधलं जावं. तुम्ही चाचणी करणार म्हणता. जे चालणार नाही त्याला चालतं म्हणून सही करू नका, वरून कितीही घाई झाली तरी." मी शब्द दिला.

जानेवारीच्या शेवटी नवी स्लिप आली. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली: आयकर, पेन्शन, आरोग्य, शुश्रूषा विमा, बेकारी विमा. बेकारी विम्यापाशी त्यांनी थांबवलं आणि किती कापले ते विचारलं. मी आकडा सांगितला. ते उठले, आत गेले. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आई बाहेरून ओरडली की आता काय काढताय. परत आले तेव्हा हातात पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला कागद होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरला आणि म्हणाले, "ह्यातली ती रोजगार हमीची ओळ कुठली गं? दाखव बरं मला."