यादीच्या तळाशी

कर्व्ह फिटिंग म्हणजे डेटाच्या बिंदूंवर समीकरणाची रेघ बसवणं. त्याचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, तयार फंक्शनांची भलीमोठी यादी समोर येते. शिखराच्या आकाराची गॉसियन, लोरेंट्झियन, व्हॉइट, शिवाय नाना तऱ्हेचे एक्स्पोनेन्शियल. बहुतेकांचं या यादीत सुखाने भागतं. पण एका कोपऱ्यात, सहसा नजर जात नाही अशा जागी, स्वतःचं फंक्शन लिहायची सोय असते. ती निवडली की रिकामी चौकट उघडते. समीकरण लिहा, कुठले पॅरामीटर, म्हणजे त्यातले आकडे, रेघ बसवताना बदलायला मोकळे ते सांगा, झालं. आख्ख्या सॉफ्टवेअरात मला ही चौकटच सगळ्यात जास्त आवडते.

लिहायला बसलं की आधी प्रत्येक सॉफ्टवेअरचे मानपान. घात दाखवायला कुठे टोपीचं चिन्ह चालतं, पायथॉनला दोन तारका लागतात. किरणोत्सारी ऱ्हासाचा स्थिरांक जगभर लॅम्डा, पण पायथॉनने ते नाव आधीच स्वतःसाठी राखून ठेवलंय. आलेख काढणारा ग्नूप्लॉट तर पक्का सांगकाम्या. 'एक्सचा १/२ घात' लिहिलं, तर १ आणि २ दोन्ही पूर्णांक म्हणून तो भागाकारही पूर्णांकातच करतो. उत्तर शून्य, आणि एक्सचा शून्य घात म्हणजे १. मागितलं वर्गमूळ, पडद्यावर आडवी रेघ! १.०/२ लिहा, मग बिनबोभाट वर्गमूळ काढून देतो.

खरी गंमत पुढे आहे. तयार फंक्शनं बहुतेकदा सुरुवातीचा अंदाज स्वतःच बांधतात. तुमचं फंक्शन त्यांच्या ओळखीचं नसतं. सायपाय या पायथॉनच्या लायब्ररीतल्या कर्व्ह-फिटला काहीच सांगितलं नाही, तर तो सगळे पॅरामीटर १ धरून निघतो. आता समजा तुमच्या डेटातलं शिखर ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीवर आहे. १ वर बसवलेलं, १ रुंदीचं गॉसियन तिथवर पोचेपर्यंत संगणकाच्या लेखी चक्क शून्य झालेलं असतं. रेघ बसवायला सहसा वापरतात ती, लेव्हनबर्गने १९४४ मध्ये मांडलेली आणि मार्क्वार्टने १९६३ मध्ये पुढे आणलेली पद्धत उताराच्या अंदाजाने चालते. इथे तर सगळीकडे सपाट मैदान. बिचारी जागच्या जागी थांबते. फिटिक नावाच्या प्रोग्रॅमने यावर झकास तोडगा काढलाय. पॅरामीटरला इंग्रजीत 'हाइट' किंवा 'सेंटर' असं नाव दिलंत, तर तो डेटा बघून आकडा स्वतःच सुचवतो. 'पी-१, पी-२' अशी नावं देणाऱ्यांनी यातून काही शिकावं, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

चौकट हाती आली की बरेच जण पॅरामीटर वाढवत सुटतात. ऱ्हासाच्या फंक्शनात उंची असते, दर असतो, वर कुणीतरी हौसेने सुरुवातीची वेळही मोकळी सोडतो. उंची वाढवा आणि ती वेळ तेवढ्या हिशेबाने मागे न्या, रेघ तसूभरही हलत नाही. म्हणजे डेटा या दोघांना वेगळं ओळखूच शकत नाही. फिट देखणं दिसतं, आणि खालच्या तक्त्यात त्रुटी मूळ आकड्याच्या कैक पट. तो तक्ता किती जण वाचतात, देव जाणे.

माझ्या मते ही चौकट आहे पॅरामीटर कमी करण्यासाठी. स्फटिक तपासायला त्यावर क्ष-किरण सोडतात आणि ते कुठल्या कोनात किती परततात ते मोजतात. तांब्याचं लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीतून येणाऱ्या किरणांत के-अल्फा नावाच्या, अगदी जवळच्या तरंगलांबीच्या दोन रेषा असतात, १.५४०६ आणि १.५४४४ अँगस्ट्रॉमच्या. मोठ्या कोनांवर प्रत्येक शिखर त्यामुळे दुभंगलेलं दिसतं. यादीतली दोन शिखरं शेजारीशेजारी ठेवली, तर प्रत्येकाची उंची, जागा, रुंदी असे सहा पॅरामीटर. पण दुसऱ्या रेषेची तीव्रता पहिलीच्या साधारण निम्मी, हे आधीच माहीत आहे. तरंगलांबी माहीत असल्याने तिची जागा ब्रॅगच्या नियमाने, म्हणजे तरंगलांबी आणि कोन यांच्या नात्याने, ठरते. रुंदी दोघींची एकच धरायला हरकत नसते. हे सगळं फंक्शनातच लिहून टाका. सहाचे उरले तीन.

मग फिट चालवायचं. ची-स्क्वेअर, म्हणजे रेघ आणि डेटा यांच्यातल्या तफावतीचं माप, मघापेक्षा थोडा वाढलेला असतो. वाढू दे.