वात पेटल्यावर

दुपारी मशीनमधून कपडे काढताना जीन्सच्या खिशातून दोन केशरी बोंडं निघाली. कानात घालायची, स्पंजची. धुऊन निघाल्यावर चांगली टरारून फुगली होती. बाकीचे कपडे तसेच राहिले आणि मी त्यांनाच चिमटीत दाबत बसलो.

शनिवारी मोग्वाय ऐकायला गेलो होतो. ग्लासगोत राहून मोग्वाय ऐकणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा ओरपणं, त्यात कौतुक ते काय. बँड इथलाच, १९९५ सालापासूनचा. आणि जागा बॅरोलँड. हा १९३४ सालचा नाचाचा हॉल. १९५८ मध्ये जळला, १९६० मध्ये पुन्हा उघडला. बाहेर निऑनची भलीमोठी झगझगीत पाटी, आत जिना चढून वर जायचं. लाकडी जमीन मुद्दाम नाचासाठी केलेली, पायाखाली किंचित लवते. मोग्वायच्या गर्दीत नाचत मात्र कुणीच नाही. दोनेक हजार माणसं प्लास्टिकचे ग्लास सांभाळत नुसती मान डोलावतात, सवाईला पुढच्या रांगेतले काका डोलावतात तशी. ड्रमचा ठोका आधी तळपायाला कळतो, मग कानाला.

आईला एकदा सांगायला गेलो होतो.

"गाणारा आला नव्हता का रे?"

"अगं, हे गात नाहीत फारसे. नुसतं वाजवतात."

"मग तिकीट अर्धं असेल."

मी ज्याच्यासाठी जातो ते म्हणजे त्यांच्या १९९७ च्या पहिल्या अल्बमचा शेवट. सोळा मिनिटांचा. नाव सांगत नाही, ओळखणाऱ्यांनी ओळखलंच असेल. मधे एका जागी सगळं विझत जातं. एक गिटार उरते, तीही शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखी. आणि मग, काही कळायच्या आत, सगळे एकदम तुटून पडतात. कधी ते मला पाठ आहे. तरी दर खेपेला दचकतो.

साताऱ्याला वाड्याच्या अंगणात सुतळी बॉम्ब लावायचो, तेव्हाही असंच व्हायचं. उदबत्ती मोठ्या चुलतभावाच्या हातात. आम्ही धाकटे तुळशीवृंदावनामागे, कानात बोटं. वात सुरसुरली की तो धावत यायचा आणि मग काहीच व्हायचं नाही. दोन सेकंद असतील, पण त्यात आख्खी दिवाळी मावायची. आतून आजी ओरडायची, "पुरे झालं!" आणि तेवढ्यात धडाम. कधी फुसका निघायचा. मग जवळ जाऊन बघायचं की नाही यावर कुजबुजत खल चालायचा. आवाजापेक्षा मला ती थांबलेली वेळच जास्त आवडायची, पण हे कुणाला सांगणार? भित्रा म्हणाले असते.

शनिवारीही ती जागा आली. हॉल गप्प. आणि माझ्या मागे दोन गृहस्थ स्वयंपाकघराच्या फरशीबद्दल बोलत होते. हळू भागात बोलणाऱ्या माणसांबद्दल माझी मतं इथे लिहिण्यासारखी नाहीत. मॅट घ्यावी की चकचकीत? चकचकीत फरशीवर डाग दिसतात. पण मॅट फरशीत मळ बसतो. पहिल्याची बायको म्हणते

आणि धडाम.

पांढऱ्या दिव्यांचा झोत थेट डोळ्यांत, शर्ट छातीवर थरथरतोय, पुढच्या बाईच्या ग्लासातली बिअर काठापर्यंत उसळलेली. मागे वळून पाहिलं तर दोघं गृहस्थ तोंड उघडं ठेवून स्टेजकडे बघत होते. बायको काय म्हणते ते राहूनच गेलं. मॅटच म्हणत असावी.

आता त्या बोंडांबद्दल. पहिल्या गाण्यापासून ती कानात असतात. शहाणा माणूस आहे, चाळिशी उलटलेली आहे. फक्त गिटार एकटी उरली की मी ती काढतो आणि खिशात टाकतो. दर वेळी. हे घरात कुणाला माहीत नाही.

बोंडं रेडिएटरवर वाळत ठेवली, तेवढ्यात आईचा फोन आला. "हॅलो, ऐकू येतंय का?" तीनदा म्हणाली.

"येतंय, येतंय," म्हणत मी फोन उजव्या कानाला लावला.