जिओफोन कार्ड अपडेट : हँग अखेर सापडला!

मंडळी, जिओफोनचे (जमिनीचे हादरे टिपणारा सेन्सर) सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड काल रात्रीपासून सलग चालू आहे, एकदाही अडकलं नाही! तीन रविवार गेले यात. तेच आपलं जुन्या बाजारातलं १२ बिटचं पीसीआय कार्ड, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) लिनक्स कर्नल २.४ च्या काळातला, आणि मला तो ६.१ वर हवाय.

किरकोळ कामं पटापट झाली. जुना आयऑक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला हुकूम द्यायचा मार्ग) २.६.३६ लाच काढलाय म्हणून अनलॉक्ड_आयऑक्टल, टायमरला टायमर_सेटअप, झालं. मग लॉक_कर्नल, म्हणजे बीकेएल, अख्ख्या कर्नलचं एकच मोठं कुलूप. बीकेएल २.६.३९ मध्ये, म्हणजे २०११ लाच पूर्ण गेलं, तर मी सरळ त्याच्या जागी एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) टाकला. आयऑक्टलमधून रीसेट बोलावताना तोच म्युटेक्स परत घेतला जात होता, बीकेएलला ते चालायचं, म्युटेक्सला नाही. ते लॉकडेपने (कर्नलमधला कुलपं तपासणारा भाग) पहिल्याच रनला पकडलं. प्रूव्ह_लॉकिंग (लॉकडेप चालू करणारा पर्याय) चालू न करता कुणी ड्रायव्हर पोर्ट करू नका, खरंच सांगतो.

पण मुख्य हँग लॉकडेपला दिसतच नव्हता. रीड (डेटा वाचणं) लावून ठेवायचा, दुसऱ्या टर्मिनलवरून स्टार्ट (डेटा सुरू करायचा हुकूम) द्यायचा, की स्टार्टवाला प्रोसेस डी स्टेटमध्ये (न उठवता येणारी झोप), आणि १२० सेकंदांनी हंग टास्कचा मेसेज. मी आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे इशारा, देतं ती लाइन) बघितला, पसोड्या विठोबापाशी जाऊन नवी रिबन केबल आणली (केबल छान आहे, तिचा दोष नव्हताच), गुरुवारी लाइट नव्हती तेव्हा कोडचं प्रिंटआउट घेऊन बसलो. शेवटी सिसआरक्यू डब्ल्यू (अडकलेले प्रोसेस दाखवणारी की) मारलं तर स्टार्ट म्युटेक्सवर थांबलेला, आणि रीडला कंट्रोल-सी दिलं की स्टार्ट लगेच सुटतो!

म्हणजे रीड म्युटेक्स धरून डेटाची वाट बघत झोपलाय, आणि डेटा सुरू करणाऱ्या स्टार्टला तोच म्युटेक्स हवाय. जुन्या काळी हे चालायचं कारण बीकेएल धरून झोपलं की कर्नल ते आपोआप सोडायचा आणि जाग आल्यावर परत घ्यायचा, कोडमध्ये कुठे लिहिलेलं नसायचं. म्युटेक्स असं काही करत नाही. आणि लॉकडेप लॉकांचा क्रम बघतो, इथे एका बाजूला लॉक आणि दुसऱ्या बाजूला नुसतं वाट बघणं, त्याला कसं कळणार.

आता म्युटेक्स सोडून वेट_इव्हेंट_इंटरप्टिबलने डेटाची वाट बघायची, उठल्यावर परत घेऊन बफर पुन्हा तपासायचा, कारण मध्ये दुसऱ्या रीडरने तो रिकामा केलेला असू शकतो. वाट बघत झोपायचा जुना मार्ग, स्लीप_ऑन, तर ३.१५ लाच गेला, आणि बरंच झालं, तपासणी आणि झोप यांच्या मधे इंटरप्ट आला तर वेकअप हरवायचा.

बफरला स्पिनलॉक आयआरक्यूसेव्ह (इंटरप्ट बंद ठेवून धरायचं, झोपता न येणारं कुलूप) लावलाय, पण कॉपी_टू_यूजर (डेटा प्रोग्रॅमला देणारं फंक्शन) झोपू शकतो म्हणून तो आत चालत नाही, आधी टेंपररी बफरमध्ये कॉपी करावी लागते, ते मला आवडत नाहीये. हे लिहिताना सुचतंय, केफिफो (कर्नलमधली तयार रांग) का नको? लिहिणारा एकटा आयएसआर (इंटरप्ट आला की चालणारा कोड), वाचणारा म्युटेक्समुळे एका वेळी एकच, म्हणजे स्पिनलॉकच नको. रीसेटला मात्र आधी कार्डाचा इंटरप्ट बंद करायला लागेल. सर्किट बॉक्समध्ये बसवायचा प्लॅन होता या रविवारी, तो पुढे ढकलला, आधी केफिफो.

रात्री अडीचला ग्राफवर एक मोठा झटका आला, खिडकीतून बघितलं तर खाली सदाशिव पेठेतून मालाचा ट्रक चाललेला. सगळं शांत झाल्यावर रेघ परत सरळ!